कोयता घ्यायचा तर भात्याजवळून घ्या

दिवाळीची सुट्टी जवळ आली, बागांची बेणणी सुरू झाली, की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागतात. कुणी कुवेतहून, कुणी मुंब्र्याहून. "सर, गावी येतोय. वाडीत रान माजलंय. चांगला मजबूत कोयता कुठला घेऊ?" उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या मास्तराला हा प्रश्न का विचारावा, असं तुम्हाला वाटेल. माझी स्वतःची थोडी वाडी आहे, शनिवार-रविवार मी तिथेच असतो, आणि गावातल्या लोहाराच्या शाळेत (म्हणजे त्याच्या भट्टीसमोरच्या फळीवर) बसून मी बराच वेळ घालवलेला आहे. पात्रता म्हणाल तर एवढीच.

फोनमागोमाग फोटो येतो. ऑनलाइन पाहिलेला काळा कुळकुळीत चाकू, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडात होकायंत्र. किंमत लोहाराच्या कोयत्याच्या तिप्पट. माझं मत मी लगेच सांगतो आणि इथेही सांगतो: हे खेळणं घेऊ नका. होकायंत्र ठेवायला मुठीत जागा आहे, याचा अर्थ पातं मुठीत शिरलेलंच नाही, ते तोंडाशीच कुठेतरी अडकवलेलं आहे. जिथे सगळा जोर येतो, नेमकी तीच जागा पोकळ. आणि ते करवतीचे दात ओल्या फांदीत रुततात, कापत काहीच नाहीत. आपल्या वाडीत होकायंत्र लागत असेल तर प्रश्न चाकूचा नाही.

बाहेरच्या जड कामासाठी पातं निवडताना लोक "कठीण" पोलाद मागतात. तिथेच गल्लत होते. काच कठीण असते, वेत चिवट असतो. भाजी चिरायच्या सुरीला कठीणपणा चालतो, कारण तिला फक्त कांदा भेटतो. कोयत्याला करवंदीची जाळी, सुकलेली खैराची फांदी, नारळाची झावळ आणि दर दहाव्या घावाला जांभा दगड भेटतो. त्या दगडावर अतिकठीण धारेचा तुकडा उडतो. तो डोळ्यातही जाऊ शकतो. चिवट धार फार तर दुमडते किंवा तिला खाच पडते, आणि ती कानशीने दहा मिनिटांत काढता येते. म्हणून माझी पहिली अट चिवटपणा, दुसरी मुठीचा सांधा, आणि धार तिसरी. धार आपली आपण लावून घेता येते, पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नसतात.

लोहार आजही ट्रकचा मोडका पाटा का वापरतो, ते यात आलं. गाडीची कमान वर्षानुवर्षं खड्ड्यांत आपटते, वाकते आणि परत सरळ होते. हेच ते पोलाद. त्यात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे पाणी दिल्यावर धार धरण्याइतका, आणि तडकण्याइतका जास्त नाही. बांधकामाची पट्टी घेऊन केलेला कोयता दिसायला तसाच दिसतो, पण साध्या लोखंडात कार्बन इतका कमी की त्याला कितीही पाणी द्या, ते कठीण होतच नाही. सकाळी लावलेली धार न्याहरीपर्यंत गेलेली असते. आठवडी बाजारात ढिगाने विकले जाणारे स्वस्त कोयते पुष्कळदा असेच निघतात.

स्टेनलेसचं काय, असं विचारणारे असतात. गंजू नये म्हणून त्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम घातलेलं असतं. चांगलं स्टेनलेस चांगलंच असतं, पण ते आपल्यापर्यंत क्वचित पोहोचतं, आणि वाडीत दगडावर बसून त्याला धार लावणं जिकिरीचं. खाडीत किंवा होडीवर, खाऱ्या पाण्यात काम असेल तर मात्र तेच घ्या. तिथे पाट्याचा कोयता एका हंगामात तांबारून जाईल. बाकी सगळ्यांनी खोबरेल तेलाचं बोट फिरवायची सवय ठेवावी आणि पावसाळ्यात कोयता चुलीच्या धुरात टांगावा.

पोलाद नुसतं चांगलं असून भागत नाही. त्याला पाणी कसं दिलं, यावर सगळं आहे. मी हे अनेकदा पाहिलंय आणि अजून पाहताना कंटाळा येत नाही. पातं लाल होतं, लोहार ते उन्हात नाही, मुद्दाम शाळेच्या अंधारात धरून पाहतो, कारण उन्हात रंग फसवतो. मग फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो. पाठ तापलेलीच राहते. बाहेर काढून धारेजवळ दगडाने घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीची ऊब हळूहळू धारेकडे येते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग सरकू लागतात. आधी सुक्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवलं तर पातं कठीण पण ठिसूळ. निळ्यावर गेलं तर कमानीसारखं लवचीक पण धारेला मऊ. कोयत्यासाठी आमचा लोहार तपकिरी जांभळ्यात मिसळताना पुन्हा पाण्यात बुडवतो. सगळा खेळ काही क्षणांचा. त्या वेळी त्याच्याशी बोललेलं त्याला आवडत नाही.

या क्रियेला मराठीत पाणी देणं किंवा पाजणं म्हणतात आणि उर्दूत "आब देना". आब म्हणजे पाणी, आब म्हणजे चमक, आब म्हणजे इभ्रतही. आब राखून वागणं आपण मराठीतही म्हणतो. पोलाद हा शब्द फारसीतल्या फौलादचा. शिकलगार हे आपल्याकडचं आडनाव "सैकलगर"वरून आलेलं, म्हणजे हत्यारांना चकाकी आणि धार देणारा. वर्गात हे सांगितलं की दोन भाषांच्या मध्ये भिंत आहे असं समजणारी मुलं जरा गप्प होतात. गेल्या वर्षी एका शिकलगार आडनावाच्या मुलीने घरी जाऊन आजोबांना विचारलं, तर घरात अजून जुनी सहाण निघाली. असो, विषय कोयत्याचा आहे.

आता मूठ. माझ्या मते अपघात धारेने कमी आणि मुठीने जास्त होतात. आमच्या शेजारच्या बागेत काम करणाऱ्या एका गड्याचा नवा, बाजारातून आणलेला कोयता घाव घालता घालता मुठीतून सुटला आणि त्याच्या नडगीत घुसला. सात टाके, तीन आठवडे बिनमजुरीचे. पात्याची शेपटी मुठीत जेमतेम दोन इंच होती आणि लाखेवर चिकटवलेली होती. म्हणून घेताना पाहायचं ते हे: शेपटी मुठीच्या आरपार जाऊन मागच्या टोकाला वाकवलेली आहे का, किंवा मुठीच्या दोन फाका तिच्यावर बसवून रिबिटा ठोकलेल्या आहेत का. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी घट्ट आहे का. लाकूड सुकं आहे का, कारण ओल्या लाकडाची मूठ मार्च-एप्रिलमध्ये आटते आणि खुळखुळते. मागे बोंडासारखा फुगवटा हवा, घामेजलेल्या हातातून निसटताना तोच अडवतो. प्लॅस्टिकची मूठ सुंदर दिसते, घामात साबणासारखी होते.

वजनाबद्दल मी दुकानदारांशी नेहमी भांडतो. "जड घ्या सर, एका घावात काम." एका घावात काम होतं, पण दिवसभरात घाव हजारभर असतात. जड कोयता दुपारनंतर खांद्यात उतरतो, आणि थकलेला हातच स्वतःला कापतो. आमच्या घरात अम्मीची कोयती वेगळी होती. लहान, हलकी, पुढे चोचीसारखी वळलेली. त्या चोचीने ती काटेरी फांदी ओढून घ्यायची आणि हात न लावता तोडायची. अब्बांचा कोयता लांब आणि पुढे जड होता, त्याने तिला काम जमत नसे, आणि तिच्या कोयतीने अब्बांना. घरात एकच "भारी" हत्यार आणून सगळ्यांच्या हाती देणं हा आळस आहे. मधला उपाय म्हणून एवढं करा: कोयता मुठीत धरून मनगट सैल सोडा. नाक आपोआप खाली जायला हवं, पण हिसका बसून नाही.

दुकानात आणखी दोन गोष्टी तपासता येतात. पातं दोन बोटांत सैल धरून नाण्याने वाजवा, स्वच्छ आणि लांबणारा आवाज यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असू शकते. आणि खिशात एक लहान कानस न्या. धारेवर कानस काचेवर घसरावी तशी घसरली तर पोलाद फार कठीण, लोण्यात शिरावी तशी शिरली तर कच्चं. जरा चावून, कुरकुरत चालली तर पैसे द्या. दुकानदार कानस लावू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

धारेबद्दल एकच सांगतो, विजेच्या ग्राइंडरवर नेऊ नका. ठिणग्या उडताना बरं वाटतं, पण धारेजवळ निळा डाग पडला की लोहाराने दिलेलं पाणी तिथे उतरलं. दगडावर पाणी टाकून हाताने पाजळा, आणि धारेला जरासं पोट ठेवा. कागद कापणारी पातळ धार बकरी ईदच्या सुरीला हवी. तिथे जनावराला त्रास होऊ नये म्हणून पातं तेज असावं, हा हदीसचाच आदेश आहे. पण ती सुरी वेगळी, हाडांचा सत्तूर वेगळा आणि वाडीतला कोयता वेगळा. ईदच्या आदल्या रात्री कोयत्यालाच सुरीसारखी धार लावत बसणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचा कोयता पुढे आठवडाभर झावळीवर टिकत नाही.

इतकं झाल्यावर फोनवरचा मुलगा हळूच दुसरा प्रश्न विचारतो. खरा प्रश्न तोच असतो. "सर, पण एसटीतून घेऊन जाऊ ना? काही होणार नाही ना?"

पुण्यात "कोयता गँग"च्या बातम्या सुरू झाल्यापासून हे वाढलं आहे. 2023 साली तर तिथे कोयता विकत घेताना आधार कार्ड दाखवावं लागेल अशा बातम्या आल्या. ज्या राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम "एक कोयता" म्हणून मोजतो, आणि एकट्या माणसाला "अर्धा कोयता", त्या राज्यात हा शब्द आता गुन्ह्याच्या बातमीत आधी ऐकू येतो. गुंडांना धरावं, त्याबद्दल दुमत नाही. पण डोक्यावर टोपी आणि हातात गुंडाळलेला कोयता असलेल्या माणसाकडे बसमध्ये लोक कसे पाहतात, हे मी अनुभवलेलं आहे. तोच कोयता माझ्या शेजारच्या बागवाल्याच्या हातात असला की त्याला यंदाच्या आंब्याबद्दल विचारतात. कुरआनात "हदीद" म्हणजे लोखंड या नावाची एक सूरह आहे. लोखंडात जरब आहे आणि माणसांसाठी फायदेही आहेत, असं तिथे सांगितलं आहे. आमच्या हातातल्या लोखंडाची फक्त जरबच का दिसावी?

मात्र त्या मुलाला मी तक्रार शिकवत नाही, कायदा सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत आहेत, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. कोयता हे शेतीचं अवजार आहे. तो काळा, दातांचा, होकायंत्रवाला लांब चाकू शेतीचा आहे हे पोलिसांना पटवून देणं तुम्हाला जड जाईल, हे तो न घेण्याचं आणखी एक कारण. तरीही सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांत सुरे आणि लाठ्याही येतात. अशा दिवसांत कोयता हलवूच नका. एरवी पात्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा, सामानाच्या तळाशी ठेवा, चिठ्ठी मिळाली असेल तर सोबत ठेवा. आणि कमरेच्या आकडीला कोयता लावून फिरायचं ते वाडीत. चहाच्या टपरीवर नाही.

याहून सोपं म्हणजे कोयता गावातच करून घ्या, म्हणजे प्रवासाचा प्रश्नच मिटतो. आमच्याकडच्या लोहाराचा मुलगा चिपळूणला मोबाइलच्या दुकानात लागला आहे. कोळसा महागलाय, भाता आता विजेच्या पंख्यावर चालतो, आणि वर्षभरात कोयत्याची गिऱ्हाइकं कमीच होत चालली आहेत. पण त्याच्या हातच्या कोयत्याला खाच पडली तर तो परत घेतो, पुन्हा तापवतो, पुन्हा पाणी देतो. ऑनलाइन चाकूचा तुकडा उडाला तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार?

तर गणपती झाले की घरच्यांना सांगून लोहाराकडे काम टाका, दिवाळीच्या गर्दीत त्याला वेळ नसतो. पाटा त्याचा की तुम्ही आणून देणार, ते आधी ठरवा. मूठ बसवायच्या दिवशी तिथे कुणालातरी पाठवा, आणि पाठवायचं ते ज्याच्या हाताने रान तोडलं जाणार आहे त्यालाच. मूठ त्याच्या पंजाच्या मापाची व्हायला हवी, कुवेतहून पैसे पाठवणाऱ्याच्या नव्हे.