आवारातला कचरा आवारातच जिरला पाहिजे

महाविद्यालयाच्या आवारातल्या कचऱ्याचा विषय काढला की तीन उत्तरे हमखास मिळतात. ‘खेड्यातले कॉलेज आमचे, कचरा तो केवढा?’ ‘शिपाई रोज झाडून पेटवतो, आणखी काय करायचे?’ आणि ‘प्रकल्पाला पैसा लागतो, तो कोण देणार?’ जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरसारख्या परिसरात ही उत्तरे पटकन पटतात, कारण ग्रामीण आवारांना शहरासारखा रोजच्या घंटागाडीचा आधार नसतो. अडचण खरी आहे, पण तिच्यातून काढलेली तिन्ही अनुमाने चुकीची आहेत.

पहिले अनुमान तपासू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषानुसार वर्षात किमान 180 दिवस अध्यापन व्हावे लागते. पाचशे विद्यार्थ्यांनी रोज एकेक चहा कागदी कपातून घेतला, तर वर्षाअखेर नव्वद हजार कप होतात. हा कप नावाचाच कागदी. चहा गळू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. म्हणून तो धड कुजत नाही, भंगारवालाही सहसा घेत नाही आणि वारा सुटला की कुंपणापलीकडच्या कपाशीत जाऊन पडतो. कायद्यानेही हा प्रश्न किरकोळ मानलेला नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठे आवार असलेल्या संस्थांवर कचरा जागीच वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पाच हजार चौरस मीटर म्हणजे जेमतेम सव्वा एकर. एवढी जागा एकटे मैदानच घेते.

दुसरे अनुमान अधिक घातक आहे. फाल्गुनात कडुनिंबाचा पाला गळतो, तो लोटून ढीग होतो, त्यात वेफर्सची पाकिटे, पेनाच्या रिफिली, पाण्याच्या बाटल्या मिसळतात आणि काडी लागते. तो धूर खिडक्यांतून वर्गात येतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली आणि पाच हजार रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई ठरवली. जाळायचा नाही तर गावाबाहेर टाकू, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच विभागीय शहराने दिले आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये, जिथे शहराचा कचरा टाकला जाई त्या नारेगावच्या लोकांनी तेव्हाच्या औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दंगा पेटला. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात कायमचा टाकता येत नाही, हे त्या महिन्यांनी दाखवून दिले.

उरला पैसा. अंकुशनगरची ओळख समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे आहे, आणि साखर कारखान्याचा हिशेब या परिसरातल्या पोरासोरांना ठाऊक असतो. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस, तीस-चाळीस किलो प्रेसमड आणि साधारण तितकीच मळी निघते. बगॅस बॉयलरमध्ये जातो, प्रेसमड शेतात, मळी डिस्टिलरीत. यातले काहीही कचरा ठरत नाही, कारण प्रत्येक वस्तू वेगळ्या टप्प्यावर बाहेर पडते आणि वेगळीच ठेवली जाते. तिन्ही एका खड्ड्यात ओतले असते तर कारखान्यालाही नाक धरावे लागले असते. कॉलेजात नेमके तेच घडते. ओले-सुके एका बादलीत पडते आणि त्याच क्षणी दोन्हींची किंमत जाते. पैसा खाणाऱ्या यंत्राची गरज भासू लागते ती या मिसळण्यामुळे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आधी कपात: कॅन्टीनमध्ये स्टीलचे पेले किंवा काचेचे ग्लास, कार्यक्रमांत बाटल्यांऐवजी पाण्याचा जार, स्वागताला फ्लेक्स नको. मग वर्गीकरण: ओला, सुका आणि सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या, प्रयोगशाळेतली रसायने असा घातक कचरा वेगवेगळा. शेवटी जिरवणी. त्यासाठी पुसदच्या पांढरीपांडे यांचा नाडेप हौद आपल्याकडे केव्हाचा रूढ आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांच्या भिंतीत हवेसाठी झरोके. पाला, कॅन्टीनचे खरकटे, शेणकाला आणि मातीचे थर रचून लिंपले, ओल टिकवली की तीन-चार महिन्यांत खत तयार. विटा गवंडी रचतो, शेण गावात मिळते. यासाठी कोणत्या अनुदानाची वाट पाहायची?

मनुष्यबळही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत 240 तास सेवा देतो. शिबिरात दत्तक गावाचे रस्ते झाडणाऱ्या या मुलांकडे स्वतःच्या आवाराचा हौद सोपवा. दर महिन्याला कचरा तोलून आकडे सूचनाफलकावर लावा, म्हणजे कपात झाली की नाही हे सगळ्यांना दिसेल. नॅकचे मूल्यांकनही कचरा व्यवस्थापनाबद्दल विचारतेच. त्याचे उत्तर समिती येण्याच्या आठवड्यात रंगवलेल्या बादल्यांनी देऊ नये.

हे काम शिपायावर ढकलणे अन्यायाचे आहे. कचरा प्राध्यापकापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे करतात, तर तो वेगळा करण्याचे कष्टही सगळ्यांचे. प्राचार्यांनी येत्या सत्राच्या पहिल्या दिवशी कागदी कप बंद करावेत आणि पहिल्या महिन्यात हौद बांधावा. पर्यावरणशास्त्राच्या पेपरात मुलांना जे लिहायला लावतो, ते त्यांच्यासमोर करून दाखवणे हे महाविद्यालयाचे कर्तव्यच आहे.