विद्यापीठ आणि नदी

खडवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील एक लहानसे स्थानक. येथून भल्या सकाळी तरुण मुलेमुली कल्याणकडे, डोंबिवलीकडे महाविद्यालयांत जावयास निघतात. कोणी वाणिज्य शिकतो, कोणी विज्ञान, तर कोणी कायदा. स्थानकापासून थोड्याच अंतरावर भातसा नदी वाहते; परंतु त्यांच्या जाडजूड पुस्तकांत तिचा उल्लेख सापडेलच असे नाही. नदी दाराशी असावी आणि विद्येने तिच्याकडे पाठ फिरवावी, ही स्थिती बरी नव्हे.

भातसेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. शहापूर तालुक्यात या नदीवर मोठे धरण आहे. तेथील पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येते, पिसे येथे उचलले जाते, पांजरापूर येथे शुद्ध होते आणि अजस्र नळांतून मुंबईस पोहोचते. मुंबईची जवळजवळ निम्मी तहान ही एकटी नदी भागविते. त्याच तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी तर मुंबई 1892 सालापासून पीत आहे. असे असूनही वैशाख आला की शहापूरच्या कित्येक पाड्यांवरील विहिरी आटतात आणि बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही तेथे नुसती म्हण राहिलेली नाही.

असे का व्हावे? येथील काळ्या कातळात पावसाचे पाणी फारसे मुरत नाही, हे भूगर्भशास्त्राने सांगावयाचे. पाड्यापर्यंत नळ का पोहोचला नाही, हे स्थापत्यशास्त्राने. नदीच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न कायद्याचा. आणि दरसाल टँकरवर होणारा खर्च विहिरी खोल करण्यात घातला तर काय होईल, हा हिशेब वाणिज्याचा. पुढील पिढ्यांच्या वाट्यास हात न लावता आजची गरज भागविणे, यास शाश्वत विकास म्हणतात. तो कोणा एका विषयाच्या कपाटात बंद करून ठेवता येणार नाही.

आपल्या देशात हा विचार न्यायालयातून विद्यापीठांत आला. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाच्या शिक्षणाचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, आणि पुण्याचे शल्यविशारद डॉ. एरच भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. त्या अभ्यासक्रमात 50 तास होते. त्यांपैकी 5 तास वर्गाबाहेर, नदीवर, डोंगरावर अथवा तळ्याकाठी घालवावयाचे होते, आणि 100 पैकी 25 गुण त्या कामास होते. योजना चांगलीच होती. परंतु पुष्कळदा घडते असे, की उरलेल्या 45 तासांची उत्तरे विद्यार्थी घोकून टाकतो आणि त्या 5 तासांचा अहवाल कोणाच्या तरी जुन्या वहीवरून उतरवून काढतो. नदीचे पाऊलही न भिजवता नदीचे गुण मिळतात!

याहून निराळी वाटही आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 1985 साली ग्रामीण भागाच्या गरजांचा विचार करणारे एक केंद्र काढले. तेथील विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहतात. शहापूर, कर्जत, मोखाडा या भागांतील पिण्याच्या पाण्याच्या योजना का चालतात आणि का बंद पडतात, याचा अभ्यास तेथे झाला आहे. या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्यांत विहिरीवर पाणी शेंदणारी बाईही असते, हे विसरू नये.

प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, त्यात आणखी ओझे कशाला? ही अडचण खोटी नव्हे. परंतु नवे पुस्तक लादावयास कोण सांगतो? जुन्याच विषयांतील उदाहरणे बदलावीत. हिशेबनीसाने कापडाच्या दुकानाऐवजी एखादे दिवशी पाणीपुरवठ्याचा ताळेबंद मांडावा. मात्र विद्यार्थ्यांस नदीवर नेताना सोबत गावातील जाणता माणूस असावा. भातसा वरून शांत दिसते, पण तिच्या पात्रात पोहणाऱ्यांचे बळी गेलेले आहेत.

खडवलीच्या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत दर महिन्याला दोरी सोडून गावच्या विहिरीतील पाण्याची खोली मोजावी आणि वहीत टिपून ठेवावी. यास ना यंत्र लागते ना पैसा. पुढील वर्षी ती वही त्याच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्याने चालवावी. दहा वर्षांनी अशी वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असली, तर विहीर केव्हा तळ गाठणार, याचा अंदाज गावकऱ्यांना माघातच बांधता येईल.