एकदाच खेळायचा विश्वचषक

२००१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे रस्त्याने चालले होते. जवळच्या झोपडपट्टीतली काही मुले भर पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारत धावत होती. एकाने बादली पुढे ढकलायची, दुसऱ्याने ती अडवायची, तिसऱ्याने हिसकावून न्यायची. बारसे थांबले. मुले बादलीचा फुटबॉल खेळत होती.

शेजारून जाणाऱ्या कुणालाही ही वात्रट पोरे वाटली असती. क्रीडाशिक्षकाच्या नजरेला मात्र वेगळेच काही दिसले. जोवर ही मुले खेळत आहेत, तोवर ती जुगारापासून, व्यसनांपासून आणि भांडणांपासून दूर आहेत, हा साधा हिशेब त्यांच्या लक्षात आला. त्यांनी मुलांच्या हाती खरा चेंडू दिला. पुढे त्यांनी केवळ झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवायचे ठरवले, तेव्हा एकट्या नागपुरातून १२८ संघ उतरले. नागपूर आणि शेजारच्या कामठीला फुटबॉल नवा नव्हता. पण इतकी मुले खेळायला आसुसलेली आहेत, याची कल्पना शहराला नव्हती. कित्येकजण अनवाणीच खेळले.

या ‘झोपडपट्टी फुटबॉल’मधूनच पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था आकाराला आली. आणि याच वाटेने नागपूरच्या वस्त्यांतली मुले एक दिवस छातीवर भारताचे नाव लावून परदेशी मैदानात उतरली. ती स्पर्धा म्हणजे बेघरांचा फुटबॉल विश्वचषक.

कल्पना गप्पांतून निघाली

योगायोग असा, की या विश्वचषकाची कल्पनाही २००१ सालीच जन्मली. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये एक आगळी परिषद भरली होती. युरोप-अमेरिकेच्या अनेक शहरांत बेघर माणसे रस्त्यावर उभी राहून विकतात अशी नियतकालिके निघतात. विक्रीच्या किमतीतला ठरावीक वाटा विकणाऱ्याला मिळतो. भीक मागण्याऐवजी काम करून चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू. अशा नियतकालिकांच्या चालकांची ही परिषद होती.

स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड हे दोघे तिथे गप्पा मारत बसले होते. आपण संपादक मंडळी देशोदेशी भेटतो, पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, ते बेघर लोक कधी एकमेकांना भेटणार? आणि भेटले तरी बोलणार कोणत्या भाषेत? दोघांनाही उत्तर सापडले ते फुटबॉलमध्ये. त्याला दुभाषा लागत नाही.

दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिली स्पर्धा झाली. अठरा देशांचे संघ आले आणि यजमान ऑस्ट्रियाने करंडक जिंकला. त्यानंतर कोपनहेगन, मेलबर्न, मिलान, रिओ द जानेरो, पॅरिस, मेक्सिको सिटी, ग्लासगो असा या स्पर्धेचा प्रवास झाला. कोविडच्या साथीमुळे २०२० ते २०२२ या काळात ती होऊ शकली नाही. २०२३ मध्ये ती अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोला पुन्हा सुरू झाली आणि २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या निमित्ताने प्रथमच आशियात आली.

सात मिनिटांचा डाव

हा खेळ दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या फुटबॉलपेक्षा बराच निराळा आहे. मैदान अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. संघात आठजण, पण एका वेळी मैदानात चारच: एक गोलरक्षक आणि तीन खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन डाव. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. छोट्या मैदानामुळे चेंडू सतत कुणाच्या तरी पायाशी असतो आणि गोल भराभर होतात.

स्पर्धा बहुधा शहराच्या मध्यवर्ती चौकात किंवा गजबजलेल्या ठिकाणी भरवतात. पॅरिसमध्ये ती आयफेल टॉवरच्या पायथ्याशी झाली, तर रिओत कोपाकबानाच्या समुद्रकिनारी. यामागे विचार आहे. ज्या चौकातून बेघर माणसाला पोलीस हुसकावून लावतात, त्याच चौकात हजारो लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. एरवी नजर चुकवून पुढे जाणारा माणूस तिथे थांबतो आणि त्याच्याकडे बघतो.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी आणि शिक्षकांनीही ध्यानात घेण्याजोगी. या स्पर्धेत हरलेला संघ घरी जात नाही. पहिल्या फेरीनंतर संघांची त्यांच्या ताकदीनुसार विभागणी होते आणि प्रत्येक गटासाठी वेगळा करंडक असतो. त्यामुळे सगळ्यांत दुबळा संघही शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहतो. आयुष्यात अनेकदा बाद ठरलेल्यांना इथे तरी बाद करायचे नाही, हा त्यातला भाव.

२००८ मध्ये मेलबर्नला अफगाणिस्तानने रशियाला हरवून विश्वचषक जिंकला. युद्धाने होरपळलेल्या देशातली ती मुले होती. महिलांची स्वतंत्र स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिला मान झांबियाने मिळवला. पुढच्या काळात मेक्सिकोने, विशेषतः महिलांमध्ये, या स्पर्धेवर जवळजवळ हक्कच सांगितला. भारताला अजून विश्वचषक जिंकता आलेला नाही.

नियमातच सगळे आहे

या स्पर्धेचा एक नियम मात्र जगातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या विश्वचषकात सापडणार नाही. इथे खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येते. कितीही गोल केले, संघाला जिंकून दिले, तरी पुढच्या वर्षी त्याला संघात जागा नाही.

पेले तीन विश्वचषक जिंकले, मेस्सीने पाचव्या प्रयत्नात करंडक उंचावला. चांगल्या खेळाडूने पुन्हा पुन्हा यावे, हीच तर खेळाची रीत. मग इथे असे का? कारण इथे खेळाडूने पुन्हा येऊच नये, अशी आयोजकांची इच्छा असते. सोळा वर्षांवरील, बेघर झालेला किंवा तशाच हलाखीतून गेलेला माणूस इथे खेळू शकतो. तोच खेळाडू पुढच्या वर्षीही पात्र ठरत असेल, तर त्याचे आयुष्य होते तिथेच राहिले, असा त्याचा अर्थ. ही संधी दाराबाहेर पडण्यासाठी आहे, दारात बसून राहण्यासाठी नव्हे. शिवाय एक जागा रिकामी झाली की रांगेतल्या दुसऱ्याचा नंबर लागतो.

म्हणूनच खरा सामना स्पर्धा संपल्यावर सुरू होतो.

विमानाआधीची शर्यत

पण तिथवर पोहोचणेच किती कठीण! सुस्थित कुटुंबात पासपोर्ट काढणे म्हणजे चार कागद जमवून एक-दोन फेऱ्या मारणे. ज्याचा जन्म वस्तीत झाला आणि नोंदच झाली नाही, ज्याने शाळा अर्धवट सोडली, ज्याच्या झोपडीला क्रमांक नाही, त्याने जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून? एखाद्यावर पोलिसात गुन्हा दाखल असेल, तर न्यायालयाच्या परवानगीचाही प्रश्न येतो. मुलगा गोल करायला शिकतो काही महिन्यांत. पण आपण कोण आहोत, हे कागदावर सिद्ध करायला त्याला त्याहून जास्त धावावे लागते.

बारसे यांच्या कामावर आधारलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट २०२२ मध्ये आला. त्यात अमिताभ बच्चन यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली. ओळखीच्या कागदांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारी रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचे वडील अनेकांच्या लक्षात राहिले ते यामुळेच. तो प्रसंग पडद्यासाठी रचलेला असला, तरी त्यातली वणवण खरी आहे.

अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. २००५ ची स्पर्धा न्यूयॉर्कला ठरली होती. पण अनेक देशांच्या खेळाडूंना व्हिसा मिळेना, म्हणून ती स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला न्यावी लागली. घर नसलेल्या माणसाला कोणी पटकन आपल्या घरात घेत नाही, हेच खरे.

परत आल्यावर

आणि परतीचे काय? हारतुरे होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मग मुलगा त्याच गल्लीत, त्याच गळक्या छपराखाली परततो. घरातले कर्ज तसेच असते. जुने मित्र नाक्यावर वाट बघत असतात. फुटबॉलने पोट भरत नाही, हे आईला ठाऊक असते आणि त्यालाही.

कोपनहेगनच्या २००७ च्या स्पर्धेनंतर सहा महिन्यांनी आयोजकांनी खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा ७१ टक्के खेळाडूंच्या आयुष्यात लक्षणीय बदल झाल्याचे त्यांना आढळले. कुणाला काम मिळाले, कुणाला राहायला जागा, कुणी व्यसन सोडले. पण याचा अर्थ असाही होतो, की उरलेल्या अनेकांच्या बाबतीत तसे घडले नाही. एक स्पर्धा जादूची कांडी फिरवू शकत नाही.

नागपूरच्या अखिलेश पॉलची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. शाळा सुटलेला, गुंडगिरीच्या वाटेला लागलेला आणि पोलिसांपासून तोंड लपवत फिरणारा हा मुलगा फुटबॉलकडे ओढला गेला आणि २०१० मध्ये रिओ द जानेरोला भारताचा कर्णधार म्हणून उभा राहिला. २०१४ मध्ये आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात त्याने स्वतःच ही हकिगत सांगितली, तेव्हा देशभरातल्या घराघरांत लोकांनी ती ऐकली. तो सावरला तो केवळ रिओला गेला म्हणून नव्हे. परतल्यावर त्याच्या हाती शिट्टी आली आणि तो वस्तीतल्या मुलांचा प्रशिक्षक झाला. कुणीतरी आपल्या वेळेवर येण्याची वाट बघते आहे, ही जाणीव माणसाला धरून ठेवते.

‘स्लम सॉकर’ने हेच सूत्र पुढे नेले. जुन्या खेळाडूंमधून प्रशिक्षक घडवायचे आणि खेळाच्या जोडीने मुलांना आकडेमोड, आरोग्य, स्वच्छता शिकवायची. मुलींसाठी वेगळे प्रयत्न करावे लागले; कारण घरचे पाणी भरणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे यातून मोकळीक मिळवणे, हाच त्यांचा पहिला सामना. बारसे यांच्यासोबत त्यांच्या पत्नी रंजना आणि मुलगा अभिजित हेही या कामात उतरले. संस्थेची धुरा पुढे अभिजितने उचलली. २०१६ चा ‘फिफा’चा विविधता पुरस्कार या संस्थेला मिळाला.

अंबत्तूर काय, नागपूर काय

हा प्रश्न एका शहराचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख लोक बेघर म्हणून नोंदले गेले आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांची संख्या साडेसहा कोटींवर होती. चेन्नईच्या अंबत्तूरसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात घ्या किंवा नागपूर, पुणे, ठाण्याच्या कारखान्यांभोवती. गावाकडून कामाला आलेली माणसे मिळेल तिथे बिऱ्हाड थाटतात आणि त्यांची मुले दोन भिंतींच्या मधल्या जागेत खेळतात.

त्याच चेन्नईच्या उत्तर भागात व्यासर्पाडी ही कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षे फुटबॉल इतक्या जिद्दीने खेळला जातो, की लोक तिला छोटे ब्राझील म्हणतात. स्थानिक तरुणांनीच पुढाकार घेऊन मुलांचा खेळ आणि शाळा दोन्ही एकत्र बांधले. भारताकडून खेळलेला नंदकुमार शेकर याच वस्तीतला. नागपूर आणि चेन्नई यांच्यात भाषेचे अंतर मोठे. पण दोन्हीकडे सुरुवात एकाच गोष्टीने झाली. मुलांना मोकळी जागा मिळाली आणि रोज ठरल्या वेळी येणारा एक मोठा माणूस मिळाला.

मोठ्या विश्वचषकासाठी आपण रात्री जागतो आणि भारत तिथे कधी खेळणार, म्हणून हळहळतो. ते स्वप्न आज ना उद्या पुरे होईल. दरम्यान या दुसऱ्या विश्वचषकात भारताचे संघ खेळून आले आहेत आणि त्यातला प्रत्येक खेळाडू एकदाच खेळला आहे. पुन्हा तो अंगरखा त्याला मिळणार नाही. त्याने उरलेला सामना आपल्याच गल्लीत, आपल्यातच राहून खेळायचा आहे. तिथे त्याला टाळ्या नकोत. काम मागायला तो दारात आला, तर कुठे राहतोस, असा प्रश्न त्याला सगळ्यात आधी विचारला जाऊ नये, एवढेच पुरे.