गंगेच्या गाळाखालचं तेल



आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्र्यंबकेश्वरहून निघून ती पैठण, नांदेड करत बासरला येते. आपल्या भैंशाच्या गड्डेन्ना धरणाचं पाणीही शेवटी तिलाच मिळतं. पुढे आंध्रात ती समुद्राला मिळते, इथपर्यंत भूगोलात शिकवतात. आज त्यापुढची गोष्ट.

गोदावरी आणि कृष्णा यांनी कोट्यवधी वर्षं वाहून नेलेला गाळ बंगालच्या उपसागरात थरावर थर साचत गेला. त्या थरांमध्ये तेल आणि वायू आहे. काकीनाड्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर ओएनजीसीने ७ जानेवारी २०२४ रोजी तिथलं पहिलं तेल काढलं.

समुद्रातून तेल काढणं आपल्याला नवं नाही. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचं तेल शोधलं. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल, म्हणून तळात लोखंडी खांब रोवून वर फलाट उभारता आले. काकीनाड्यासमोर मात्र पाणी शेकडो मीटर खोल आहे. तिथे विहिरींची तोंडं आणि झडपा समुद्रतळावरच ठेवल्या आहेत. वर ‘आर्मडा स्टर्लिंग ५’ हे मोठं जहाज नांगरलं आहे. नळ्यांतून वर आलेलं तेल, वायू आणि पाणी जहाजावर वेगळं होतं. तेल तिथेच साठवून टँकरमध्ये भरतात, तर वायू नळाने किनाऱ्यावर जातो.

इथलं तेल मेणचट आहे. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं, तसं ते समुद्रतळाच्या गारठ्यात नळीतच थिजू शकतं. म्हणून नळीच्या आत नळी घातली आहे, अगदी थर्माससारखी.

हे सगळं जमवायला वेळ लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये निघायचं तेल दोन वर्षांहून अधिक उशिरा निघालं. तरीही खटाटोप करावाच लागतो. कारण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं आणि त्याचा भाव चढला की आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलपासून कापसाच्या गाडीभाड्यापर्यंत सगळ्याला झळ बसते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. याच खोऱ्यात रिलायन्सने २००८ मध्ये ‘धीरूभाई-१’ जहाजावरून तेल काढायला सुरुवात केली होती. ते क्षेत्र २०१८ मध्ये बंद झालं. दहा वर्षांत विहिरी संपल्या, जहाज मात्र दुसरीकडे कामाला लावता येतं. तुमच्यापैकी कुणी बासरच्या ट्रिपल आयटीत मेकॅनिकल किंवा केमिकल शिकत असेल, तर हेच पाहा. खोल पाण्यातलं वेल्डिंग, नळ्यांची रचना, लाटांचं गणित हे कौशल्य एका विहिरीपुरतं नसतं. उद्या समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभारायलाही ते लागेल.

पुढच्या वेळी बासरला गंगास्नानाला गेलात, की घरच्यांना ही गोष्ट जरूर सांगा. पुढच्या अंकात भेटूच.