आधी पाणी, मग कॉफी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफीचं दुकान निघालं. 'दुकान' म्हटलेलं आमच्या नातीला खपत नाही. "आबा, कॅफे म्हणा. दुकान किराण्याचं असतं."

एक गोष्ट आधीच कबूल करतो. कॉफीतलं मला फारसं कळत नाही. आमच्या लहानपणी घरात कॉफी दोनच प्रसंगी होई : कोणी परीक्षेला बसलं की, नाहीतर मुलगी पाहायला पाहुणे आले की. पातेलंभर दूध, मूठभर साखर, वर जायफळ, आणि आत कॉफी असल्याची अफवा. एवढ्या तयारीवर मी आज निकाल द्यायला बसलो आहे, हे लक्षात असू द्या.

गेलो तो मे महिना. चंद्रपूरचा मे काय असतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. पारा 47 च्या घरात गेला की सावलीतलं कुत्रंसुद्धा दुसऱ्या सावलीत जायच्या आधी दोनदा विचार करतं. जटपुरा गेटपासून चालत आलो, तो जीभ टाळूला चिकटलेली. गोंडराजांनी गावाभोवती कोट बांधला तेव्हा त्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या ठेवल्या. या कॅफेला एक काचेचं दार, खिडकी एकही नाही. पण आत गारवा होता. म्हटलं, अर्धी लढाई जिंकली.

टेबलावर कार्ड नव्हतं. ठिपक्यांची एक चौकोनी रांगोळी चिकटवलेली होती. नातीनं तिच्यावर फोन धरला आणि भाव उघडले. एक कप 180 रुपये! तरी भावाबद्दल मी भांडणार नाही. भाडं असतं, विजेचं बिल असतं. धंदा करणाऱ्यानं दोन पैसे मिळवावेत. माझं भांडण वेगळं आहे.

मी पाण्याची वाट पाहत होतो. जन्माची सवय! हॉटेलात टेकलं, की पोऱ्या येतो, ओल्या फडक्यानं टेबल पुसल्यासारखं करतो आणि पाच बोटं पाच ग्लासांत बुडवून ते समोर आदळतो. त्या बोटांबद्दल आपण उभा जन्म कुरकुर केली. आता वाटतं, बोटं का होईना, पण ग्लास होते!

दहा मिनिटांनी मीच विचारलं, "बेटा, पाणी?"

"बाटली घ्या लागते जी. 20 रुपये."

"आणि साधं?"

"साधं ठेवत नाही इथं."

पोरगा आरमोरीकडचा निघाला. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला, पण तिकडची पोरं कामाला इकडे येतातच. मी विचारलं, "काय रे, मी तुझ्या घरी आलो असतो तर?"

तो एकदम हसला. "घरी तं पयले पाणीच देतो ना जी!" मग हळूच म्हणाला, "इथं मालकानं तसं सांगितलं नाही."

माझा राग आहे तो इथं. पोराला माणुसकी येत होती. घरून शिकून आला होता. नोकरीत ती विसरायला लावली, आणि त्याला नाव काय, तर 'सर्व्हिस'!

कॉफी आली. खोटं कशाला बोलू, उत्तम होती. दाट, किंचित कडवट, वर फेसात काढलेलं पान. पण कॉफीनं तहान भागत नाही. कप संपला आणि जीभ होती तिथंच राहिली.

कोणी म्हणेल, पाणी आणायचं कुठून? इरई धरणाचं पाणी आपल्या वीज केंद्राला पुरतं, गावाला पुरतं, त्याच दुकानातल्या कॉफीलाही पुरतं. गिऱ्हाइकाच्या एका ग्लासालाच ते कसं आटतं? कोणी म्हणेल, आबा, परदेशी पद्धत अशीच असते. साफ चूक! कॉफीघरांसाठी जगात नावाजलेल्या व्हिएन्नात कपाबरोबर पाण्याचा पेला न मागता येतो. आणि धंद्याला परवडत नाही म्हणाल, तर इंडियन कॉफी हाउस घ्या. कॉफी बोर्डानं आपली कॉफीघरं बंद करायला काढली, तेव्हा 1957 साली कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. नोकरी गेलेली माणसं ती. पैसा वाचवायची गरज त्यांच्याइतकी कोणाला असणार? तिथं मी एका कपावर तासन् तास बसलो आहे, पण पाण्यासाठी कोणी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत.

आमच्याकडे उन्हाळा लागला की चौकाचौकात पाणपोया लागतात. माठांना ओलं लाल फडकं गुंडाळलेलं असतं. पाणी पिणाऱ्याला जात विचारत नाहीत, ऑर्डर विचारत नाहीत. मग 180 रुपये देणाऱ्यानंच काय पाप केलं?

उठताना कोपऱ्यात चक्क एक रांजण दिसला! मोठा, मातीचा, देखणा. धावत जाऊन आत डोकावलो. आत वाळलेल्या बांबूच्या काड्या.

"आबा, ते डेकोरेशन आहे," नात म्हणाली.

मालकांना माझं एवढंच सांगणं आहे. भाव वाढवा, फेसात पान काढा, हवं तर आख्खं ताडोबा काढा. फक्त त्या काड्या उपसा आणि रांजण भरा. हवं तर त्याचे दोन रुपये कॉफीत लावा. पण पाणी विकू नका.

पैसे देताना पोरानं नातीपुढे फोन धरला. "ताई, स्टार द्या ना."

मी म्हटलं, "कॉफीला चार, पोराला पाच, पाण्याला शून्य."

"आबा, असे वेगवेगळे देता येत नाहीत."

मग मी दिलेच नाहीत. दारापाशी आलो, तर तो पोरगा मागून धावत आला. हातात त्याची स्वतःची, घरून भरून आणलेली बाटली.

"घ्या ना जी. साधंच आहे."

घटाघटा प्यायलो. मालकाला सांगू नका.