काका, आधी कुठे कामाला होता?

केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना असतो. साठी उलटलेल्या माणसाच्या कागदावर तिथे ‘निवृत्त’ एवढेच लिहिले जाते, आणि ॲस्बेस्टॉसिसचे निदान तिथेच हुकते.

ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेल्यापासून धाप लागेपर्यंत बहुधा वीस-तीस वर्षे जातात. तोवर कारखाना बंद पडतो, कामगार गावी परततो आणि तिथल्याच दवाखान्यात कोरडा खोकला घेऊन येतो. एक्स-रेवर डाग दिसतात, थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू होतात. क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. ॲस्बेस्टॉसिस दोन्ही बाजूंना तळाशी सुरू होतो. पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवा. खोल श्वासाच्या शेवटी वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज आला आणि फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे दिसले, तर एचआरसीटी करून घ्या. पण त्याआधी विचारा: सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनिंग, बॉयलरचे लॅगिंग, मुंबईच्या दारूखाना बंदरात जहाजे तोडणे, यांपैकी काही केले होते का? बाई रुग्ण असेल तर नवऱ्याचे कामाचे कपडे कोण धुवायचे, हेही विचारा.

इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली केरशॉ 1924 साली वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासून निष्कर्ष छापले, पुढे डॉ. मेरेवेदर यांनी कामगारांची पाहणी केली, आणि 1931 मध्ये ब्रिटनमध्ये धुळीवर नियम आले. डॉक्टरांनी लिहिले म्हणून ते घडले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी मालकांना बजावले, की कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांतले जे उशिराचे असेल तोवर जपायची. रोग सिद्ध झालेल्यांना एक लाख रुपये भरपाईही ठरवली. पण आपण ‘सीओपीडी’ लिहून मोकळे झालो, तर त्या माणसाने भरपाई मागायची कशाच्या आधारावर? कोर्टकचेरीच्या धास्तीने रोगाचे नाव टाळणे मला अक्षम्य वाटते.

फुप्फुसातला हा व्रण औषधाने जात नाही. म्हणून विडी-सिगारेट सोडवणे फार महत्त्वाचे. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले, की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी चढतो. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस द्या, आणि मेसोथेलिओमावर लक्ष ठेवा. तो आणखी उशिरा उगवतो.

ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे 1986 साली थांबले, आयात मात्र थांबली नाही आणि पत्रे आजही बनतात. म्हणजे हे रुग्ण आपल्या पुढच्या पिढीच्या डॉक्टरांकडेही येणार आहेत.

ॲस्बेस्टॉसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. कारखाने अधिनियमाच्या 89 व्या कलमाने ती जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली. नुसता संशय असला तरी कळवायचे आहे. रुग्णाचे नाव, पत्ता, रोग आणि त्याने जिथे काम केले त्या कारखान्याचे नाव-पत्ता एवढे लेखी द्यायचे. महाराष्ट्रात हे पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. त्याची एक प्रत रुग्णाच्या हातात द्या.