दादीचा दस्तरखान, दादीचा हक्क

आमच्याकडे कुणी वडीलधारी बाई वारली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'बडी मेहमाननवाज थी.' गेलेल्या माणसाचं चांगलं आठवावं, त्याच्या मगफिरतीसाठी दुआ करावी, हे बरोबरच आहे. पण या एका वाक्यामागे किती कष्ट असतात, याचा विचार आपण फारसा करत नाही. माझ्या दादीबद्दलही लोक हेच म्हणतात, म्हणून तिच्या निमित्ताने थोडं लिहितो.

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत आमचं घर. दादी फजरच्या आधी उठायची. तहज्जुद, फजर, तिलावत आणि मग चूल. पुढचा सगळा दिवस जानमाज आणि चूल यांच्यामध्येच जायचा. दवाखान्याच्या कामाला परभणीला निघालेले नातेवाईक यायचे, शेवटची एसटी चुकलेला माणूस यायचा, मदरशाच्या चंद्यासाठी फिरणारे सफीर यायचे. कोण, कुठला, हे विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा. 'खाए बगैर नक्को जाव' हे तिचं ठरलेलं वाक्य.

शेजारचे माळकरी आमच्या घरी शिजवलेलं खात नसत. दादीला त्याचा कधी राग आला नाही. त्यांच्यासाठी ती सुपात पीठ, डाळ, मीठ, मिरची काढून द्यायची. ईदला त्यांच्या घरी कोऱ्या शेवया, खारीक, खोबरं, साखर जायची आणि शीरखुर्मा त्यांच्या चुलीवर व्हायचा. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं. पाहुण्याला काय चालतं ते पाहून द्यावं, आपल्याला काय मिरवायचं आहे ते पाहून नाही, एवढं तिला पक्कं कळलेलं होतं.

1972च्या दुष्काळाच्या गोष्टी अब्बा सांगतात. मराठवाड्यात दुष्काळी कामं निघाली होती. लोक खडी फोडत होते, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत होते. तेव्हाही दादीने दारात आलेल्याला परत पाठवलं नाही. ती वरणात पाणी वाढवायची. पैगंबरांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना हेच सांगितलं होतं की शोरबा करशील तेव्हा पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. दादीने ती वाचली नव्हती, वाचायला तिला येतच नव्हतं. ऐकली होती आणि आयुष्यभर पाळली.

इथपर्यंतची आठवण सगळ्यांना आवडते. पुढची कुणी काढत नाही.

दादी सगळ्यांत शेवटी जेवायची, पातेल्याच्या बुडाशी जे उरेल ते. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. म्हातारपणी गुडघे गेले, तरी मेहमान आला की तीच उठायची. आणि जाताना पाहुणे हात मिळवायचे दादांशी, 'आपके यहाँ की मेहमाननवाजी का जवाब नहीं.' कष्ट दादीचे, तारीफ दादांची.

मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. 'माझी आजी' असो की 'मेरी दादी', दोन्ही वह्यांतल्या आज्या सारख्याच. त्या नमाज पढतात किंवा पूजा करतात, स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात. त्या स्वतः कधी जेवतात, हे कुणीच मूल लिहीत नाही. मुलं जे पाहतात तेच लिहितात.

कुणी म्हणेल, दादी हे खुशीने करत होती, सवाबच्या नियतीने करत होती. अगदी खरं. पण नियत तिची होती म्हणून ओझंही एकटीचंच असावं, असं दीनने कुठे सांगितलं आहे? मेहमानाचे हक्क सांगणाऱ्या दीनने मेहमानाला मर्यादाही घातली आहे. मेहमानदारी तीन दिवसांची, आणि यजमानाला अडचण होईल इतकं राहू नये, असं हदीसमध्ये आहे. हजरत सलमान फारसी (रजि.) हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांना घरच्या बाईची आबाळ दिसली. अबू दर्दा रोजे आणि नमाजमध्ये बुडालेले होते. सलमान यांनी त्यांना समजावलं की रबचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या जिवाचा आहे आणि घरच्यांचाही आहे. पैगंबरांनी (स.) सलमानचं बोलणं खरं ठरवलं. म्हणजे घरच्या बाईची बाजू मांडली ती पाहुण्याने! आपल्या किती पाहुण्यांच्या हे लक्षात येतं?

पैगंबर (स.) घरात काय करायचे, असं हजरत आयशा (रजि.) यांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की निघायचे. सुन्नतवर आपण तासन्तास बोलतो. ही सुन्नत मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अडते. आजही रमजानमध्ये मगरिबची अजान होईपर्यंत बाया भजी तळत असतात आणि कढईपाशी उभ्या उभ्या खजुराने रोजा सोडतात. चूल गेली, गॅस आला, पण बाईची जागा तीच राहिली.

दादीच्या बरसीला मोठी डेग चढवावी, असं आमच्या घरात काहींचं म्हणणं आहे. तिच्या नावाने भुकेल्याला जेवू घालायला माझी ना नाही. पण त्या डेगेचा कांदा कापायला पुन्हा सुनाच बसणार आणि पुन्हा त्याच शेवटी जेवणार असतील, तर ती दादीची आठवण कसली? त्यापेक्षा त्या दिवशी पुरुषांनी शिजवावं, पोरांनी वाढावं, पहिला दस्तरखान बायांचा असावा. शेजारी शिधा पोचवावा. आणि हे बरसीपुरतं न राहता येत्या रमजानमध्ये रोज व्हावं.

दादीने मेहमानाचा हक्क आयुष्यभर अदा केला. तिचा हक्क आपल्याकडे बाकी आहे. तो तिच्या सुना-नातींना देता येईल.